चुका निस्तरणाऱ्या एन्झाइमांची उपेक्षा

बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात चयापचयाची आकृती असते. ग्लुकोजपासून निघालेले बाण पायरुव्हेटपर्यंत येतात, तिथून क्रेब्ज चक्रात शिरतात आणि प्रत्येक बाणावर एका एन्झाइमाचे नाव लिहिलेले असते. ही आकृती पाठ करूनच आपल्याकडचे डॉक्टर, औषधनिर्माते आणि जीवशास्त्राचे शिक्षक घडतात. आकृती चुकीची नाही, पण अपुरी आहे. तिच्यातले प्रत्येक एन्झाइम आपले काम बिनचूक करते आणि प्रत्येक रेणू पुढच्या टप्प्यापर्यंत धडधाकट पोहोचतो. जिवंत पेशीत तसे घडत नाही. एन्झाइमे चुकतात. चांगले रेणू उष्णतेने, पाण्याने, ऑक्सिजनने आपसूक बिघडतात. हा बिघाड निस्तरायला पेशीकडे एन्झाइमांची स्वतंत्र फळी असते आणि तिची नीट ओळख आपल्याला गेल्या वीस-पंचवीस वर्षांतच होऊ लागली आहे. ही डागडुजी चयापचयाइतकीच मूलभूत आहे, असे माझे म्हणणे आहे. ती समजून घेतल्याशिवाय कित्येक आजारांचे कोडे सुटणार नाही. तरीही आपल्या अभ्यासक्रमात, संशोधनाच्या अंदाजपत्रकात आणि आरोग्याच्या सार्वजनिक चर्चेत तिला जवळपास जागाच नाही.

चूक मुळात होते कशी, हे आधी पाहू. एन्झाइम आपला रेणू ओळखते ते त्याच्या आकारावरून आणि त्याच्यावरच्या विद्युतभाराच्या ठेवणीवरून. पेशीत एकमेकांशी साम्य असलेले शेकडो रेणू एकाच वेळी वावरत असतात, त्यामुळे अधूनमधून भलताच रेणू एन्झाइमाच्या खोबणीत बसतो आणि नको ती अभिक्रिया होते. मॅलेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमाचे उदाहरण बोलके आहे. क्रेब्ज चक्रात मॅलेटचे ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट करणे आणि गरज पडेल तेव्हा उलट दिशेने जाणे, हे त्याचे नेमून दिलेले काम. पण त्याच मायटोकॉन्ड्रियात अल्फा-कीटोग्लुटरेट हा ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटचा भाऊबंद शोभावा असा रेणू मुबलक असतो. मॅलेट डिहायड्रोजिनेज कधीतरी त्यालाही हाताळते आणि एल-२-हायड्रॉक्सीग्लुटरेट नावाचा रेणू तयार होतो. या उपद्व्यापातली त्याची क्षमता मूळ कामाच्या तुलनेत सुमारे कोटीपटीने कमी असते. इतकी क्षुल्लक चूक दुर्लक्षित केली तर काय बिघडले, असे कोणालाही वाटेल. पण हे एन्झाइम पेशीत भरपूर असते, ते अहोरात्र चालते आणि या नव्या रेणूला नेहमीच्या चयापचयात पुढे जायला वाटच नाही. त्यामुळे थेंबे थेंबे तो साचत जातो.

तो साचला की काय होते, याचा पुरावा रुग्णांनीच दिला आहे. एल-२-हायड्रॉक्सीग्लुटरिक अ‍ॅसिड्युरिया या आजाराची वैद्यकीय साहित्यात पहिली नोंद १९८० सालची. या आजारात मूल वाढीला लागल्यावर हळूहळू तोल जाऊ लागतो, फिट्स येतात, बौद्धिक वाढ मागे पडते, मेंदूतील पांढऱ्या द्रव्याची हानी होते आणि मेंदूच्या गाठींचा धोकाही वाढतो. हा पदार्थ लघवीत सापडतो हे डॉक्टरांना कळले होते, पण तो येतो कुठून, हे दोन तपे उमगले नाही. ज्ञात चयापचयाच्या आकृतीत तो कुठेच नव्हता, त्यामुळे कोणता मार्ग अडला आहे हे शोधायचे तरी कसे? २००४ मध्ये ब्रसेल्सच्या द दूव्ह संस्थेतील एमिल व्हान शाफ्टिंगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोषी जनुक शोधले. ते ज्या एन्झाइमाचे जनुक आहे त्याचे काम एवढेच, की चुकून तयार झालेले एल-२-हायड्रॉक्सीग्लुटरेट पकडायचे आणि त्याचे पुन्हा अल्फा-कीटोग्लुटरेट करायचे. त्याने ना ऊर्जा मिळते, ना पेशीची एखादी नवी घटकवस्तू घडते. दुसऱ्याची चूक पुसणे हेच त्याचे आयुष्यभराचे काम. ते बंद पडले की मेंदू आजारी पडतो. चयापचयातील मुख्य मार्ग शाबूत असतानाही माणूस केवळ साफसफाई थांबल्यामुळे आजारी पडतो, हे या आजाराने ठळकपणे दाखवून दिले.

दुसरे उदाहरण एन्झाइमाच्या चुकीपुरते मर्यादित नाही. एनएडीएच हा पेशीतला इलेक्ट्रॉनांचा वाहक. ब जीवनसत्त्वांपैकी नायासिनपासून तो बनतो आणि ऊर्जानिर्मितीच्या असंख्य अभिक्रिया त्याच्यावर अवलंबून असतात. एनएडीएचला पाण्याचा एक रेणू चिकटला की त्याचे एनएडीएचएक्स होते आणि ते वाहक म्हणून निरुपयोगी ठरते. हा बिघाड काही अंशी आपोआप होतो, काही अंशी ग्लुकोज विघटनातल्या एका एन्झाइमामुळे होतो आणि तापमान वाढले की त्याला वेग येतो. तो दुरुस्त करणारे एन्झाइम यीस्टमध्ये असते, हे १९५०च्या दशकातच दिसले होते. पण त्याचे जनुक कळायला २०११ साल उजाडले. दुरुस्ती दोन एन्झाइमे मिळून करतात. एनएडीएचएक्स उजवे आणि डावे अशा दोन रूपांत असते. पहिले एन्झाइम या दोन रूपांची अदलाबदल घडवते आणि दुसरे एन्झाइम एटीपी खर्चून त्यातल्या एका रूपातले पाणी काढून टाकते. जीवाणूंपासून माणसापर्यंत बहुतेक सर्व सजीवांत ही जोडी आढळते. यातले एखादे एन्झाइम जन्मतः सदोष असलेली बाळे सुरुवातीला सर्वसामान्य दिसतात. मग साधा ताप येतो आणि त्यानंतर मूल झपाट्याने खालावते, मेंदूला सूज येते, शिकलेल्या गोष्टी हातून सुटतात. त्यातली अनेक मुले बालपणातच दगावतात. जगातल्या बहुतेक मुलांना ताप येऊन जातो आणि पालक दोन दिवसांत ते विसरतात. ते विसरणे शक्य होते, कारण त्या तापात बिघडलेले रेणू दुरुस्त करणारी ही जोडी त्यांच्या प्रत्येक पेशीत राबत असते. शहरात नालेसफाई वेळेवर झाली तर पावसाळ्यात तिची कोणी आठवणही काढत नाही, तसेच हे आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. डीएनएची दुरुस्ती महत्त्वाची हे सर्वांना मान्य आहे. २०१५चे रसायनशास्त्राचे नोबेल लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार यांना त्याच संशोधनासाठी मिळाले. पण डीएनए ही पेशीची मूळ प्रत आहे, ती फाटली तर दुसरी नाही. छोटे रेणू तर दर क्षणाला बनतात आणि मोडतात. एक बिघडला तर दुसरा बनवावा, त्याच्या दुरुस्तीवर एवढा खर्च कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि अनेक रेणूंच्या बाबतीत पेशी तेच करते. पण सगळ्यांच्या बाबतीत ते चालत नाही, याला तीन कारणे आहेत. एक तर एनएडीएचसारखे सहघटक बनवायला महाग असतात. एकच रेणू हजारो वेळा वापरायचा, या हिशोबावरच पेशीचे अर्थकारण चालते. दुसरे कारण असे की, बिघडलेल्या रेणूला मोडणारा मार्ग असतोच असे नाही. पेशीची विघटनाची यंत्रणा ओळखीच्या रेणूंसाठी घडलेली असते, अनोळखी रेणू तिच्या हाती लागत नाही आणि साचतो. तिसरे कारण सर्वांत घातक: चुकून बनलेला रेणू मूळ रेणूशी साम्य राखून असतो, त्यामुळे तो इतर एन्झाइमांच्या खोबणीत जाऊन बसतो आणि त्यांचे काम बंद पाडतो. हे तिसरे कारण किती खरे आहे, हे पांढऱ्या पेशींच्या एका कोड्याने दाखवले. ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे.

रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंवर पहिला हल्ला चढवतात. काही मुलांमध्ये त्या जन्मतःच फार कमी असतात, त्यामुळे सतत जंतुसंसर्ग होतो, तोंडात जखमा होतात, आतड्याला सूज येते. जी-सिक्स-पीसी-थ्री या जनुकातील दोषामुळे असे होते, हे २००९ मध्ये कळले. ग्लायकोजेन साठवणुकीच्या ‘एक-ब’ प्रकारच्या आजारातही हेच लक्षण दिसते आणि तिथे पेशीतले एक वाहक प्रथिन सदोष असते. हे वाहक आणि जी-सिक्स-पीसी-थ्री जनुकाचे एन्झाइम मिळून ग्लुकोज-६-फॉस्फेटवर काम करतात असे मानले जात होते, त्यामुळे या पेशींना ग्लुकोज कमी पडत असावे, असा सर्वसाधारण समज होता. दहा वर्षे हा समज टिकला. २०१९ मध्ये ब्रसेल्सच्याच गटातील मारिया वेइगा-दा-कुन्या आणि व्हान शाफ्टिंगन यांनी निराळेच उत्तर मांडले. आपल्या जवळपास सर्व अन्नात १,५-अनहायड्रोग्लुसिटॉल नावाचा ग्लुकोजसारखा दिसणारा पदार्थ किंचित प्रमाणात असतो. तो शरीराच्या कामाचा नाही, पण मूत्रपिंडे त्याला परत शोषून घेतात, म्हणून तो रक्तात कायम असतो. पेशीत शिरल्यावर हेक्झोकायनेज हे एन्झाइम त्याला ग्लुकोज समजून कधीमधी फॉस्फेट जोडते. फॉस्फेट लागलेला हा रेणू पेशीबाहेर पडू शकत नाही, पुढच्या मार्गालाही लागत नाही, आणि भरीस भर म्हणजे हेक्झोकायनेजलाच बंद पाडतो. न्यूट्रोफिल पेशी ऊर्जेसाठी प्रामुख्याने ग्लुकोजच्या विघटनावर विसंबून असतात, त्यामुळे हेक्झोकायनेज थांबले की त्यांचा जीवच जातो. वाहक प्रथिन आणि एन्झाइम यांची जोडी हा चुकीचा रेणू गोळा करून त्याचे फॉस्फेट काढून टाकत असते. तेच तिचे या पेशींतले खरे काम.

या शोधाची परिणती फार लवकर उपचारात झाली. आजाराचे मूळ जर रक्तातल्या १,५-अनहायड्रोग्लुसिटॉलमध्ये असेल, तर ते लघवीवाटे घालवता येईल का? मधुमेहात हा पदार्थ रक्तात कमी होतो, हे आधीच ठाऊक होते, कारण लघवीत ग्लुकोज वाढले की मूत्रपिंड हा पदार्थ परत शोषू शकत नाही. आणि लघवीत मुद्दाम ग्लुकोज सोडणारे औषध मधुमेहासाठी बाजारात होतेच: एम्पाग्लिफ्लोझिन. २०२० मध्ये ‘एक-ब’ आजाराच्या चार रुग्णांना ते दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न्यूट्रोफिलांचे काम सुधारले, संसर्ग आणि तोंडातल्या जखमा कमी झाल्या. दोन वर्षांनी अनेक देशांतील ११२ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हाही तेच चित्र दिसले. पूर्वी या मुलांना पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने वर्षानुवर्षे घ्यावी लागत. त्यातल्या अनेकांची ती कमी झाली किंवा बंदच करता आली. मार्च २०२५ मध्ये या औषधाच्या मूळ रेणूवरचे पेटंट भारतात संपले आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या उपलब्ध झाल्या. ‘एक-ब’ आजाराच्या मुलांची रक्तशर्करा घसरण्याचा धोका असतो, त्यामुळे हे औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. पण करोडोंच्या जनुकीय उपचारांच्या काळात एका दुर्मिळ आजाराला चारचौघांच्या औषधाच्या दुकानातली गोळी लागू पडली, ही लहान गोष्ट नाही. हे शक्य झाले, कारण कोणीतरी आधी एका बिनकामाच्या रेणूचा माग काढला होता.

आता दुसरा आक्षेप. शरीरात इतका बिघाड होत असेल, तर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणि ‘डिटॉक्स’ पेये घेणारे लोक बरोबरच करतात ना? नेमके इथेच डागडुजीचे शास्त्र कामी येते. वरच्या तिन्ही उदाहरणांत बिघाड वेगळा, दुरुस्तीचे एन्झाइम वेगळे आणि उपायही वेगळा. एनएडीएचएक्सवर कोणतेही सरबत काम करणार नाही आणि एल-२-हायड्रॉक्सीग्लुटरेटला कोणताही काढा हात लावणार नाही. सरसकट उपायाने फायदा होत नाहीच, प्रसंगी घातही होतो. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगापासून वाचवेल, अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघाले. एन्झाइमातील दोष नेमका कळल्यावर एखादे जीवनसत्त्व उपयोगी पडू शकते, हे खरे आहे. एनएडीएचएक्सची दुरुस्ती बिघडलेल्या काही मुलांना नायासिनचा फायदा झाल्याच्या नोंदी आहेत. पण तो उपचार नेमक्या निदानातून आला. निदानाशिवाय विकले जाणारे ‘विषद्रव्ये बाहेर काढणारे’ पेय ही लोकांची दिशाभूल आहे, आणि कोणते विषद्रव्य, ते कोणत्या वाटेने जाते, एवढे दोन प्रश्न विचारले तरी ती उघडी पडते.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे: हे आजार लाखांत एखाद्याला होतात, देशाने त्यांच्यामागे किती धावायचे? याचे एक उत्तर असे की, भारतात हे आजार आपल्याला वाटतात तितके विरळ नसावेत. वर सांगितलेले सर्व दोष दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तरच प्रकट होतात. जातीतल्या जातीत विवाहाची रूढी आणि दक्षिण महाराष्ट्रासह अनेक भागांतील मामे-आते नात्यातले विवाह यामुळे अशा आजारांची शक्यता आपल्याकडे वाढते. दुसरे उत्तर अधिक मोलाचे आहे. हा विषय रुग्णालयापुरता नाही, तो शेतापर्यंत जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारे वनस्पतींचे एन्झाइम रुबिस्को हे सर्वांत प्रसिद्ध चुकणारे एन्झाइम. साधारण दर चार-पाच वेळांत एकदा ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडते आणि फॉस्फोग्लायकोलेट हा घातक पदार्थ तयार होतो. तो निस्तरायला झाडाला हरितलवक, पेरॉक्सिझोम आणि मायटोकॉन्ड्रिया अशा तीन ठिकाणांहून फेरी मारावी लागते, तिला प्रकाशश्वसन म्हणतात, आणि त्या फेरीत गुंतलेल्या कार्बनपैकी पाव हिस्सा पुन्हा हवेत जातो. ऊन वाढले की ही चूक वाढते. ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांनी रुबिस्कोजवळ कार्बन डायऑक्साइड साठवून चूक आधीच टाळण्याची युक्ती साधली आहे. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, भात, गहू यांच्याकडे ती नाही. म्हणजे मराठवाडा आणि विदर्भातला कोरडवाहू शेतकरी ज्या पिकांवर जगतो, त्यातली बरीचशी या डागडुजीचा भुर्दंड दर उन्हाच्या दिवशी भरतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने तंबाखूच्या रोपात ही फेरी छोटी करून दाखवली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शेतातील चाचण्यांत रोपांचे वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. तंबाखू हे प्रयोगाचे सोयीचे रोप होते, धान्यपिकांत तेवढे यश मिळेलच असे नाही. पण दुरुस्तीचा खर्च कमी करणे हा उत्पादनवाढीचा खरा मार्ग असू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

अजून किती दुरुस्त्या आपल्याला अज्ञात आहेत, याचा अंदाज एका प्रयोगातून येतो. २०१६ मध्ये अमेरिकेतील क्रेग व्हेंटर संस्थेने जगण्यापुरतीच जनुके ठेवलेला जीवाणू प्रयोगशाळेत तयार केला. जे जे काढून टाकता येईल ते काढल्यावर ४७३ जनुके उरली आणि त्यातल्या १४९ जनुकांचे काम काय, हे कोणालाच सांगता येईना. काही जनुकांची कामे नंतर उलगडली. या १४९ पैकी बरीच जनुके बिघडलेले रेणू निस्तरण्याचे काम करत असावीत, असे फ्लोरिडा विद्यापीठाचे अँड्र्यू हॅन्सन यांच्यासारख्या संशोधकांचे मत आहे. सजीवाला अगदी किमान पातळीवर आणून ठेवले, तरी साफसफाईची माणसे कामावरून काढता येत नाहीत, असाच याचा अर्थ. माणसाच्या जनुकसंचातही कार्य न कळलेली एन्झाइमे पुष्कळ आहेत. त्यातले प्रत्येक कोडे उलगडले की कुठल्या तरी घरातल्या आजाराला नाव मिळण्याची शक्यता निर्माण होते.

म्हणून आपण काय करावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. भारताने २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आणले. मुंबईच्या केईएम रुग्णालयासह देशातील निवडक रुग्णालयांना उत्कृष्टता केंद्रांचा दर्जा दिला आणि पात्र रुग्णांना ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण मदत उपचारांसाठी आहे, आणि आजाराचे रासायनिक मूळच ठाऊक नसेल तर उपचार येणार कुठून? जनुकांची क्रमवारी काढणे आता स्वस्त झाले आहे; क्रमवारीत सापडलेल्या अनोळखी दोषाचा अर्थ लावणे मात्र तितकेच अवघड राहिले आहे. त्यासाठी एन्झाइमावर प्रत्यक्ष काम करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ लागतात, लघवी आणि रक्तातले अनोळखी रेणू ओळखणाऱ्या प्रयोगशाळा लागतात आणि त्या दोघांचा रुग्णालयाशी रोजचा संबंध लागतो. देशाच्या सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के एवढाच खर्च संशोधनावर होतो, तेव्हा असले ‘तात्काळ उपयोग नसलेले’ विषय सर्वांत आधी कापले जातात. व्हान शाफ्टिंगन यांच्या गटाने एल-२-हायड्रॉक्सीग्लुटरेटवर काम सुरू केले, तेव्हा पंधरा वर्षांनी आपण पांढऱ्या पेशींचा उपचार सुचवू, असे कोणत्याही अर्जात लिहिणे शक्य नव्हते. तशा संशोधनाला अनुदान देताना उपयोगाचे प्रमाणपत्र मागू नये.

प्रत्येक उत्कृष्टता केंद्राला चयापचयातील अज्ञात रेणूंचा शोध घेणारी स्वतःची प्रयोगशाळा आणि जवळच्या विद्यापीठातील एन्झाइमशास्त्राचा एक गट जोडून द्यावा. जनुकीय तपासणीत कार्य न कळलेला दोष सापडला, तर त्याची फाइल बंद न करता ती या गटाकडे जावी. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांनी आपल्या कोरडवाहू पिकांतील प्रकाशश्वसनाचा भुर्दंड मोजून तो कमी असलेले वाण शोधावेत. आणि बारावीच्या पुस्तकातल्या त्या आकृतीत एक तरी बाण चुकीच्या दिशेने जाताना आणि एक तरी एन्झाइम त्याला मागे वळवताना दाखवावा, म्हणजे पुढच्या पिढीतील डॉक्टर अनोळखी रेणू समोर आला की तो अपघात म्हणून सोडून देणार नाहीत, त्याचा माग काढतील. यातल्या कुठल्याच गोष्टीला अवाढव्य खर्च लागत नाही. निस्तरणाऱ्यांच्या कामालाही घडवणाऱ्यांच्या कामाइतकीच प्रतिष्ठा आहे, एवढे मान्य करण्याची तयारी मात्र लागते.